चौकटीच्या कडेला

१

बुधवारी सकाळी कात्रीने हार्ड डिस्क लॅपटॉपला जोडली आणि फोल्डर उघडला. मधलेच अकरा तुकडे गायब होते.

कात्री हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. छापखान्यात पुस्तकांची पानं लावून पोट भरायचं आणि उरलेल्या वेळात जुन्या सिनेमांतले तुकडे कापून, गाण्याच्या ठेक्यावर जोडून फॅन व्हिडिओ करायचे, असा तिचा दिनक्रम. त्यावरून मंडळाने तिला हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. मंडळ म्हणजे तरी कोण, तर चार वेडे. चौघांचं वेड एकच, एके काळची एक नायिका. तिला ते सगळे नुसतं 'मॅडम' म्हणत, जणू शहरात दुसरी मॅडमच नाही.

येत्या रविवारी या मॅडम स्वतः यायच्या होत्या. खऱ्या थिएटरच्या खऱ्या पडद्यावर मंडळाचा व्हिडिओ लागणार होता. वर्षभर चौघांनी त्याचाच ध्यास घेतला होता, आणि तुकड्यांची ती एकुलती एक डिस्क शनिवारच्या बैठकीपासून कात्रीच्या पिशवीत होती. दुसरी प्रत काढायला बंदी होती. माल फुटून दुसऱ्या एखाद्या चॅनेलच्या हाती लागेल, ही मंडळाला कायमची धास्ती.

कात्रीने फोन केला आणि करून पस्तावली. मंडळातले प्राध्यापक फार सभ्यपणे म्हणाले, "डिस्क तुमच्याकडेच होती ना?"

"हो सर, पण मी आज पहिल्यांदा उघडली."

"तसं असेलही. पण शुक्रवारपर्यंत काय ते समजलं नाही, तर मंडळाला वेगळा विचार करावा लागेल."

वेगळा विचार म्हणजे काय, हे कळायला कात्रीला शब्दकोश लागत नव्हता. तिला तिथून काढून टाकणार होते. संसार मोडून ती आत्याकडे राहायला आली, त्याला काही वर्षं झाली होती. ती उशिरा पोचली तर ज्यांचा चहा गार व्हायचा, अशी माणसं तिला जगात त्या एकाच खोलीत होती. ती खोली हातची जाईल या विचारानेच तिला बसवेना. ती स्वयंपाकघरात गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली.

"काय चाललंय तुझं? येरझारा घालून फरशी झिजवतेस," आत्या वर्तमानपत्रामागून म्हणाली.

कात्रीने सगळं सांगितलं. आत्याने वर्तमानपत्राची घडी केली. ही आत्या विमा कंपनीत दावे तपासायची. निवृत्त झाली तरी खोटं पकडायची तिची खोड काही निवृत्त झाली नव्हती. सिनेमाचं मात्र तिला वावडं होतं. शीर्षकं संपायच्या आत ती घोरू लागे.

"काय गेलं ते नंतर सांग," आत्या म्हणाली. "चोराने काय ठेवलं?"

कात्रीला हे सुचलंच नव्हतं. तिने पुन्हा फोल्डर बघितला आणि तिचे डोळे विस्फारले. मॅडमची सगळी गाजलेली दृश्यं, ज्यांच्यासाठी दुसऱ्या चॅनेलवाल्यांनी जीव टाकला असता ती, जागच्या जागी होती.

२

"आगीच्या दाव्यात असंच असतं," रस्त्याने जाताना आत्या म्हणाली. "दुकान जळालं म्हणून मालक रडतो. आपण बघायचं, आगीने कशाला हात लावला नाही. गेलेल्या अकरात होतं काय?"

कात्रीला आपला प्रत्येक तुकडा पाठ होता. "मॅडम स्टेशनवर उतरतात. मॅडम बाजारातून जातात. कोर्टाच्या पायऱ्या चढतात. दवाखान्याबाहेर थांबतात. सगळे असेच. दोन गाण्यांच्या मध्ये पाचर मारायला लागतात तसले."

"म्हणजे भुसा."

"भुसाच."

"धान्य सोडून भुसा नेणारा चोर मला फार आवडतो," आत्या म्हणाली. "त्याला काहीतरी वेगळंच दिसलेलं असतं. आणि हे बघ, नेमके कोणते तुकडे गेले ते कोणापाशीही बोलू नकोस. अकरा गेले, एवढंच सांगायचं."

मंडळाची बैठक जिथे भरायची ती खोली खजिनदाराच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानामागे होती. मॅडमच्या झाडून सगळ्या सिनेमांच्या डिस्क त्याच्या कपाटात होत्या, म्हणून तो खजिनदार. पैशाशी त्याचा संबंध नव्हता. डोळ्याला भिंग लावून तो एका घड्याळात शिरला होता. कात्रीला बघून त्याने भिंग काढायचेही कष्ट घेतले नाहीत.

"तुमचं आणि हिचं भांडण झालं होतं म्हणे," आत्याने नमनाला घडाभर तेल घातलंच नाही.

"झालं होतं. व्हिडिओच्या शेवटी माझं नाव हिच्या नावाखाली, तेही बारीक अक्षरात. डिस्क माझ्या, नाव हिचं! पण म्हणून मी माझ्याच घरात चोरी करू? तुकडे गेले तर पुन्हा कापायला माझ्याच डिस्क झिजणार."

"शनिवारी इथे काय झालं?"

"काय होणार? मी आणि प्राध्यापक शेवटचं गाणं कुठलं यावरून हमरीतुमरीवर आलो. ही प्राध्यापकांची बाजू घेत होती. आमची चौथी, पार्लरताई, लॅपटॉपवर जुन्या केशरचना बघत बसली होती, तिचं ते नेहमीचंच. मग हिने फर्मान काढलं."

"फर्मान नव्हे," कात्री म्हणाली. "मी एवढंच म्हटलं की मोठ्या पडद्यावर सगळा गबाळेपणा दिसतो. माइकची सावली, कडेला उभं राहून कॅमेऱ्यात टकामका बघणारी माणसं. व्हिडिओत मी ते नेहमीच छाटते. या वेळी मूळ तुकड्यांतूनच कायमचं छाटून टाकणार होते."

"आणि मग?"

"मग काय, चहा," खजिनदार म्हणाला.

प्राध्यापक कॉलेजच्या ग्रंथालयात भेटले. ते व्हिडिओंसाठी निवेदन लिहीत आणि साधं वाक्य लिहायचं झालं तर त्यांना घाम फुटे. शनिवारी आपण डिस्कला हातही लावला नाही, असं त्यांनी तीन प्रकारे सांगितलं.

"तुमची कोणावर शंका?" आत्याने विचारलं.

"शंका हा फार मोठा शब्द आहे. पण त्या दिवशी डिस्क लॅपटॉपला जोडलेली होती आणि लॅपटॉप..." ते थांबले. कात्रीकडे बघायचं टाळून त्यांनी चष्मा पुसला. "जाऊ द्या. त्या बाईंना साधा ईमेल पाठवायचा तरी आमची मदत लागते."

३

पार्लरताईचं पार्लर एका चिंचोळ्या गल्लीत होतं. एक खुर्ची, समोर भिंतभर आरसा, मागे गिऱ्हाइकांसाठी बाक. मॅडमची एकेक केशरचना ताईला तोंडपाठ होती. कुठल्या सिनेमातली कुठली बट कोणत्या वर्षीची, यावर तिचा शब्द अखेरचा.

"आलोच आहोत तर माझे केसही कापून टाका," म्हणत आत्या खुर्चीत बसलीसुद्धा. ताईने तिच्या गळ्याभोवती कापड गुंडाळलं. कात्री मागच्या बाकावर टेकली. तिला ताईची फक्त पाठ दिसत होती आणि कात्रीचा, म्हणजे खऱ्या कात्रीचा, कचकच आवाज ऐकू येत होता.

"प्राध्यापकांचा फोन आला होता," ताई म्हणाली. "मला खरंच वाईट वाटतंय गं. तू असं करणार नाहीस."

"मग कोणी केलं असेल?" आत्याने आरशातूनच विचारलं.

"कोणी कशाला? मशीनचं काय सांगता येतं! आपोआप पुसलं गेलं असेल." कचकच जरा भरभर होऊ लागली. "आणि मी म्हणते, एवढं काय बिघडलं? मॅडमची गाणी आहेत, जवळून घेतलेले चेहरे आहेत. नसेल स्टेशन आणि बाजार, तर नसू दे की. तेवढ्यासाठी कोणी कोणाला मंडळातून काढतं का?"

"बरोबर आहे," आत्या म्हणाली. "कुठल्या गावच्या तुम्ही?"

"मावशीने वाढवलं मला. मावशीचं गाव तेच माझं." एवढं बोलून ताई आत्याच्या मानेवरचे केस झटकू लागली.

बाहेर आल्यावर आत्या गल्लीच्या टोकापर्यंत आपलं हलकं झालेलं डोकंच सारखं हलवून बघत होती. कात्रीचा मात्र धीर सुटत चालला होता. उद्याचा दिवस संपला की शुक्रवार.

"आत्या, काहीतरी बोल ना!"

"बोलते. तिला कोणी सांगितलं, की स्टेशन आणि बाजार गेलेत?"

कात्री जागच्या जागी थबकली.

४

"पण का?" घरी येईपर्यंत कात्री हेच विचारत होती. "तिला विकायचे असते तर तिने चांगले नेले असते. माझ्यावर राग असता तर सगळेच पुसले असते. आणि ताईचा राग? ती तर मला थंडीत स्वतःची शाल देते."

"का ते कळल्याशिवाय मी कोणावर बोट ठेवत नाही," आत्या म्हणाली. "जिभेची घसरगुंडी हा पुरावा नव्हे. मला ते गेलेले तुकडे दाखव."

"गेलेले कसे दाखवू?"

"तुझ्या जुन्या व्हिडिओंत वापरले असशील की."

वापरले होते. कात्रीने एकेक काढून दाखवला. मॅडम स्टेशनवर, मॅडम बाजारात, मॅडम कोर्टात. आत्याने जांभया आवरत, स्वतःला चिमटे काढत सगळे बघितले. काही म्हणता काही हाती लागलं नाही. वेगळे सिनेमे, वेगळी वर्षं, वेगळे कपडे. मॅडम सोडल्या तर त्यांच्यात समान असं काही नव्हतं.

"हे छाटलेले आहेत," आत्या एकदम म्हणाली. "तू कडा छाटतेस ना? मला न छाटलेले पाहिजेत."

म्हणजे मूळ सिनेमे हवेत. म्हणजे खजिनदार. गुरुवारी आत्या एकटीच त्याच्या दुकानात गेली आणि तासाभराने पिशवीत डिस्क घेऊन परतली. काय जादू केली असं कात्रीने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "काही नाही. शेवटी त्याचं नाव मोठ्या अक्षरात येईल, असं तुझ्या वतीने कबूल केलं."

कात्री कामाला लागली. सिनेमा लावायचा, दृश्य शोधायचं, तुकडा कापायचा, फोल्डरमध्ये टाकायचा. वर्षानुवर्षांच्या सवयीने तिची बोटं आपोआप चालत होती. पहिला तुकडा आला. स्टेशन, मॅडम उतरतात, चालू लागतात. दुसरा. बाजार. तिसरा. कोर्टाच्या पायऱ्या.

"थांब," आत्या म्हणाली. या वेळी तिला अजिबात झोप येत नव्हती. "मॅडमकडे बघू नकोस. कडेला बघ."

स्टेशनवर, खांबाला टेकून, हातात ट्रंक घेतलेली एक तरुण बाई होती. बाजारात तीच टोपल्यांच्या मागे होती. कोर्टात तीच पायऱ्यांवर बसली होती. गर्दी भरायला उभ्या केलेल्या शेकडो चेहऱ्यांतला एक चेहरा. बाकीची गर्दी मॅडमकडे बघत होती. ती मात्र प्रत्येक वेळी मान वळवून सरळ कॅमेऱ्यात बघायची आणि किंचित हसायची.

"ही!" कात्री ओरडली. "ही टकामका बघणारी! किती वेळा छाटलंय मी हिला. माझ्या नाकात दम आणला होता हिने. एक्स्ट्रा लोकांना बजावून सांगतात, की कॅमेऱ्यात बघायचं नाही. हिला कामावरून कसं काढलं नाही देव जाणे." मग तिचा आवाज उतरला. "पण ही कोण?"

आत्याने चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा डोळ्यांवर घेतला आणि पडद्याला नाक लावलं.

"कोण म्हणजे? पार्लरवाली ती."

५

"छे!" कात्री म्हणाली. "आत्या, काहीतरीच काय. सिनेमा जुना आहे. ताई तेव्हा रांगत असेल."

"ती नाही गं. तिच्या रक्ताची. हसताना ओठाचा हा एकच कोपरा वर जातो बघ. आणि कपाळावरचा हा भोवरा, तिथले केस बसतच नाहीत. हुबेहूब तीच."

कात्रीने डोळे फाडून बघितलं. तिला काही केल्या साम्य दिसेना. ताईला ती आठवड्यातून एकदा तरी भेटायची. ताईचा चेहरा तिला ठाऊक नाही तर कोणाला? "तू तिला एकदाच बघितलंस, तुझा गोंधळ होतोय. ताई वेगळी दिसते."

आत्या आग्रह धरणारी नव्हती. चूक असेल तर ती आधी स्वतःची शोधायची. ती मागे रेलली आणि सबंध चित्राकडे बघत राहिली. खांब, ट्रंक, घड्याळ, पाटी. मग तिने पाटीवर बोट ठेवलं.

"हे कुठल्या भाषेत लिहिलंय?"

कात्रीने कपाळावर हात मारला. "अगं, ते उलटं आहे. कापला की मी प्रत्येक तुकडा आडवा पलटी मारते. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. सिनेमावाल्यांचे तुकडे ओळखून व्हिडिओ अडवणारा पहारेकरी प्रोग्राम असतो ना वेबसाइटवर, त्याला चकवायला. फॅन व्हिडिओ करणारे बहुतेक सगळे असंच करतात. आता गरज नव्हती, हाताने आपोआप केलं."

"म्हणजे डिस्कवरचे सगळे तुकडे उलटेच होते?"

"सगळे."

आत्या हळूच हसली. "आणि मी तिला कुठे बघितलं? आरशात. खुर्चीत बसले ती उठेपर्यंत तिने मला फक्त आरशातून तोंड दाखवलं. म्हणजे मीही तिला उलटंच बघितलं. तू बघतेस समोरासमोर, म्हणून तुला पटत नाही. सुलटी कर ती बाई."

कात्रीने एक बटण दाबलं. पाटीवरची अक्षरं वाचता येऊ लागली. ट्रंक एका हातातून दुसऱ्या हातात गेली, भोवरा कपाळाच्या दुसऱ्या बाजूला आला. आणि खांबाला टेकून, मान वळवून, तरुण झालेली पार्लरताई कात्रीकडे बघून हसली.

कात्री खुर्ची मागे सरकवून उभी राहिली.

"आता मला ओळखू येईना," आत्या म्हणाली. "बघ म्हणजे गंमत. तो तुकडा उलटा असताना कोणाला ओळखू येईल? तुम्हा तिघांना नाही; तुम्ही वर्षभर बघत होतात आणि एकालाही पत्ता नव्हता. तो चेहरा उलटाच बघायची जिला सवय आहे, तिलाच. दिवसभर आरशासमोर उभं राहून जी पोट भरते तिला. ती तुमच्या लॅपटॉपवर केशरचना बघत होती, आणि तिला तिचा स्वतःचा चेहरा दिसला."

मावशीने वाढवलं मला, हे ताईचं वाक्य कात्रीच्या कानात वाजत होतं. आणि त्याच्यावर तिचं स्वतःचं, शनिवारचं: कायमचं छाटून टाकणार.

"मी तिच्या आईला छाटत होते, आत्या," ती म्हणाली. "किती वर्षं."

६

शुक्रवारी सकाळी त्या पोचल्या तेव्हा पार्लरताई खुर्ची पुसत होती. दोघींना बघून तिच्या हातातलं फडकं थांबलं. तिने गल्ल्याखालून पेन ड्राइव्ह काढला आणि न बोलता कात्रीच्या हातावर ठेवला.

"मी काल रात्रीच प्राध्यापकांना सांगणार होते. जीभच उचलेना." तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "तुझ्यावर येईल असं माझ्या मनातही नव्हतं गं. मला वाटलं, तुला कळायचंही नाही. तू म्हणालीस, मुळातूनच छाटणार. मला फक्त तेवढं ऐकू आलं. एकदा तू छाटलीस की ती गेलीच, असं वाटलं. मूळ सिनेमे मी कितीदा बघितलेत, त्यांत ती मला कधी दिसलीच नव्हती; दिसली ती तुझ्या या तुकड्यांतच. फोटो न्यायला शिकले होते तेवढंच येतं मला; तुम्ही चहाला उठलात तेव्हा तसेच ते उचलून पेन ड्राइव्हवर नेले."

"मला सांगायचं होतंस, ताई."

"काय सांगू? आई सिनेमात जायचं म्हणून मला टाकून गेली, हे? घरात तिचं नाव काढायची चोरी होती. एक फोटो ठेवला नाही कोणी. ती तिकडेच तापाने गेली." ताईने फडक्यानेच डोळे पुसले. "मावशीने मरताना सांगितलं. आई जाताना तिला म्हणाली होती, पोरीला सिनेमाला नेत जा. मी तिच्याकडे बघेन."

आत्या खिडकीबाहेर बघू लागली. कात्रीला कुठे बघावं हेच कळेना. प्रत्येक दृश्यात ती बाई कोणाची तरी बोलणी खाऊन पुन्हा कॅमेऱ्यात बघत होती, पुढच्या सिनेमात पुन्हा, कोर्टात, बाजारात, दवाखान्यात. मावशीने पोरीला एकही सिनेमा दाखवला नव्हता. आणि नंतर ज्यांनी बघितलं, त्यांच्यात कात्री होती.

तिने लॅपटॉप उघडून काउंटरवर ठेवला. "ही मूळची आहे. सरळ. कडा शाबूत."

ताई वाकली. बराच वेळ बघून ती घाबऱ्या आवाजात म्हणाली, "ही ती नाही वाटत."

"तीच आहे. आरशाबाहेर तू आम्हाला अशीच दिसतेस."

ताईने पडद्याला बोट लावलं, मग स्वतःच्या कपाळावरच्या भोवऱ्याला. एक गिऱ्हाईक दारात आलं आणि कसं कोण जाणे, आल्या पावली परत गेलं.

शेवटी कात्री म्हणाली, "सरांना मी सांगते, तुकडे सापडले. पुढचं विचारलं तर बघू."

"नाही." ताईने फोन उचलला. "तुझं नाव खराब झालंय, ते तुझ्या सांगण्याने धुतलं जाणार नाही." तिने प्राध्यापकांना फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. आई, मावशी, आरसा, पेन ड्राइव्ह. सांगून झाल्यावर ती फोनकडे अशी बघत राहिली, जणू तो आता फटका मारणार.

पलीकडे प्राध्यापक खाकरले. त्यांच्या लांबलचक वाक्यांपैकी एकही बाहेर पडेना.

"कात्रीबाई आहेत का तिथे?" त्यांनी विचारलं. "मी तुमची माफी मागतो. समोर येऊनही मागेन." मग थोडं थांबून, "व्हिडिओच्या शेवटच्या पाटीवर नावं घालायचीत. मॅडमच्या खाली, आपल्या सगळ्यांच्या वर एक ओळ मोकळी ठेवा. ताई, आईंचं नाव काय?"

ताईने कात्रीकडे बघितलं. कात्रीने टायपिंगसाठी बोटं तयार ठेवली होती.

ताईने नाव सांगितलं. आधी पुटपुटत, आणि प्राध्यापकांनी "ऐकू आलं नाही" म्हटल्यावर पुन्हा एकदा, आडनावासकट, गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.